टॅटूचं डिझाइन नक्की कोणाचं, माझं की आर्टिस्टचं?

रानजाई: पाठीवर कस्टम टॅटू काढून घेतला, पैसे पूर्ण दिलेत. आता तेच डिझाइन टी-शर्टवर छापून विकायचंय, तर आर्टिस्ट म्हणतोय परवानगी घे आणि वेगळे पैसे दे. अंग माझं, पैसे माझे, मग हा कोण?

शाईवाला: अंग तुझंच गं, चित्र त्याचं. १९५७ चा कॉपीराइट कायदा, कलम १७, पहिला मालक चित्र काढणारा. पैसे देऊन करून घेतलेलं पेंटिंग किंवा पोर्ट्रेट असेल तर मालकी पैसे देणाऱ्याकडे जाते, पण टॅटूचं स्केच त्यात बसवायला वकीलच लागेल. त्यापेक्षा लेखी घे, कलम १९ प्रमाणे हक्क तोंडी देता येतच नाहीत.

भटकी_मांजर: माइक टायसनच्या चेहऱ्यावरचा टॅटू आठवा. २०११ मध्ये हँगओव्हर सिनेमाच्या दुसऱ्या भागात तसाच टॅटू दुसऱ्या नटाच्या तोंडावर दाखवला म्हणून टॅटू आर्टिस्ट व्हिटमिलने सिनेमा कंपनी वॉर्नर ब्रदर्सवर केस टाकली, त्याच्याकडे टायसनची सही होती की आर्टवर्क व्हिटमिलच्या टॅटू स्टुडिओचं. कोर्टाने सिनेमा काही थांबवला नाही, पण नंतर कंपनीने तडजोड केली.

रानजाई: बापरे. पण मधली तुळस तर आजीच्या हातावरच्या गोंदणातली आहे, फोटो मीच दिलेला!

शाईवाला: मग तेवढी तुळस बिनधास्त छाप, पारंपरिक गोंदणावर कोण हक्क सांगणार. बाजूची वेलबुट्टी त्याने स्वतः काढलेली असेल तर ती मात्र सोड, नाहीतर दे बाई त्याला थोडे पैसे आणि सही घे.