लिगामेंटच्या ऑपरेशनआधी व्यायाम: गरज की चालढकल?

मैदानवेडी:
एसीएल, म्हणजे गुडघ्यातली हाडं बांधून ठेवणारं एक लिगामेंट, तुटल्याचं एमआरआयमध्ये दिसलं की सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो, "ऑपरेशन कधी?" माझं म्हणणं, तारीख गुडघ्याने ठरवू द्यावी. तो दुसऱ्या पायाइतका सरळ होतोय का? सूज उतरली का? मांडी आवळल्यावर वाटी वर सरकते का? या तिन्हींना होकार मिळेपर्यंत व्यायाम करत थांबावं. सुजलेल्या, आखडलेल्या गुडघ्यावर घाईने ऑपरेशन केलं तर आत चिवट व्रण धरून गुडघा आखडलेलाच राहण्याची भीती जास्त असते. मग तो मोकळा करायला पुन्हा टेबलावर जायची वेळ येते.

सरळसोट:
अजिबात पटलं नाही. तुटलेलं लिगामेंट व्यायामाने जुळत नाही. ऑपरेशननंतर मांडी बारीक होणारच, मग आधी घाम गाळून काय मिळवायचं? शिवाय थांबलेल्या काळात एकदा जरी गुडघा निसटला तरी मेनिस्कस, म्हणजे गुडघ्याच्या हाडांमधली गादी, फाटू शकतो. गेलेली गादी परत येत नाही. रजा, घरची सोय हे सगळं जुळवून मिळालेली तारीख पुढे ढकला म्हणणं सोपं आहे.

फिजिओताई:
@सरळसोट, मांडी बारीक होणार हे खरं, पण कुठून उतरणार हेही बघा. ऑपरेशनआधी ज्यांची मांडी भक्कम असते, त्यांची ताकद नंतरही बरी राहते. सांध्यात पाणी साचलं की मज्जासंस्थाच पुढच्या स्नायूला आवर घालते. पेशंट जीव तोडून प्रयत्न करतो आणि मांडी नुसती थरथरते. त्याला आळशी ठरवू नका. टाचेखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवायचा, गुडघा आपल्या वजनाने खाली येऊ द्यायचा, मग मांडी आवळून काही सेकंद धरायची. पुढे पाय सरळ ठेवून उचलणं, टाच सरकवत गुडघा वाकवणं, सायकल, अर्ध्या बैठका. पाय उचलताना गुडघा किंचित वाकत असेल तर मांडी अजून जागी झालेली नाही, मोजणी वाढवण्यात अर्थ नाही. ऑपरेशननंतर पहिल्या दिवसापासून हेच करायचं असतं. दुखण्याच्या गुंगीत ते नव्याने शिकणं फार कठीण जातं.

सरळसोट:
आणि निसटण्याचं काय?

मैदानवेडी:
थांबायचं म्हणजे खेळायचं नाही. उड्या, गर्रकन वळणं, एका पायावर फिरणं पूर्ण बंद. सरळ रेषेत चालणं, सायकल चालवणं वेगळं. तरीही रोजच्या चालण्यात गुडघा दगा देत असेल तर तुमचा मुद्दा मला मान्य आहे, महिनोन्महिने थांबू नये. मी काही आठवड्यांबद्दल बोलतेय.

निवांत:
मी आणखी पुढे जाईन. 2010 साली स्वीडनमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला, 121 तरुण, हालचालीची सवय असलेले लोक. काहींचं लवकर ऑपरेशन, बाकीच्यांना आधी व्यायाम आणि गरज पडली तरच ऑपरेशन. दोन वर्षांनी गुडघ्याबद्दलच्या दोन्ही गटांच्या गुणांत लक्षणीय फरक नव्हता, आणि दुसऱ्या गटातल्या निम्म्याहून अधिक लोकांनी तोवर ऑपरेशन केलेलंच नव्हतं. मग व्यायामाला ऑपरेशनची पूर्वतयारी एवढंच का समजायचं?

सरळसोट:
त्याच गटातल्या बऱ्याच जणांना पुढे ऑपरेशन करावं लागलं, तेही सांगा. फुटबॉल, कबड्डी खेळायला परतायचंय त्याला तुम्ही "बघू" म्हणणार का?

फिजिओताई:
एक अपवाद ठळकपणे लिहिते, कारण वाचून कुणी चुकीचं थांबायला नको. गुडघा एका जागी अडकलाय, काही केल्या सरळ होत नाही, तर फाटलेला मेनिस्कस मध्ये अडकलेला असू शकतो. तिथे टाचेखाली टॉवेल ठेवून जोर लावू नका, सर्जनकडे लगेच जा. तिथे घाईच योग्य.

मैदानवेडी:
हे महत्त्वाचं, धन्यवाद. @सरळसोट, तारीख मिळालीच असेल तर पाळा. पण तोवरचे आठवडे सोफ्यावर पाय वर ठेवून घालवू नका, एवढं तरी मान्य कराल?

सरळसोट:
तेवढं मान्य. तारीख ढकलायला माझा विरोध कायम.