मदत हवी आहे: आईला हिवाळ्यात सँ-झँगॉल्फला आणतेय, तिचे दिवस कसे जातील?

नमस्कार मंडळी,

आम्ही दीड वर्षापासून सँ-झँगॉल्फला राहतो, जिनिव्हाच्या सरोवराच्या दक्षिण काठावर. इथले लोक सरोवराला लेमाँ म्हणतात. गाव एक, देश दोन. मधून मोर्ज नावाचा ओढा वाहतो, अलीकडे फ्रान्स, पलीकडे स्वित्झर्लंड. घर अलीकडे, माझी नोकरी पलीकडे.

डिसेंबरात आई येतेय, अडीच महिन्यांसाठी. वय ६९, मालवणला शाळेत इतिहास शिकवायची, फ्रेंच अजिबात येत नाही. आम्ही दोघं सकाळी सातला बाहेर पडतो ते संध्याकाळी सहाला परत. मधल्या अकरा तासांची मला काळजी लागून राहिली आहे.

गावाचं वर्णन ऐकल्यावर तिचा पहिला प्रश्न, "ओढ्यावर सीमा आखली कोणी?" तेव्हा शोधलं. १५६९ साली तोनोंच्या तहात अलीकडचं साव्हॉय आणि पलीकडचं व्हाले या दोन राज्यांनी गाव वाटून घेतलं. व्हाले १८१५ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये गेलं, साव्हॉय १८६० मध्ये फ्रान्सला मिळालं. पण चर्च आणि दफनभूमी आजही दोन्हीकडच्यांची एकच, फ्रान्सच्या बाजूला. जुलै १९४४ मध्ये जर्मनांनी फ्रान्सकडची घरं जाळली, तेव्हा बहुतेक गावकरी पूल ओलांडून पलीकडे गेले आणि वाचले. हे सांगितल्यावर आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तो पूल मला दाखव."

तर माझे प्रश्न. तिचा व्हिसा फ्रान्सचा आहे, रोज पूल ओलांडला तर चालेल ना? एकटीने जाण्यासारखं जवळपास काय आहे? आणि कुणी आपल्या आईवडिलांना या काठावर हिवाळ्यात ठेवलं आहे का? तूप, पेढे आणू नकोस म्हणून बजावलं आहे, दुधाचे पदार्थ इथे आणू देत नाहीत.

प्रतिसाद १
पूल खुशाल ओलांडू दे. स्वित्झर्लंड २००८ पासून शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांच्या गटात आहे, तोच व्हिसा चालतो. पासपोर्ट मात्र जवळ असू दे, आणि विमा दोन्ही देशांत चालणारा घे. फोनची खबरदारी जास्त महत्त्वाची. फ्रान्सचं सिम काठावर स्वित्झर्लंडचा टॉवर पकडतं आणि बिल फुगतं. तिच्या फोनचं रोमिंग बंदच ठेव, भारतात व्हिडिओ कॉल घरच्या वायफायवरून.

प्रतिसाद २
माझे सासरे दोन हिवाळे एव्हियाँला, याच काठावरच्या फ्रान्सच्या गावी, राहून गेले. थंडीपेक्षा त्यांना उन्हाची उणीव जास्त जाणवली. तुमच्या गावाच्या पाठीशी तर ग्रामों डोंगर आहे, २१७२ मीटर उंच, दक्षिणेला, म्हणजे हिवाळ्यातलं ऊन अडवणारा. ऊन असेल त्या वेळेत बाहेर पडायची सवय पहिल्याच आठवड्यात लावा. शनिवारी बसने एव्हियाँला न्या. काशा झऱ्याचं पाणी तिथे फुकट भरून घेता येतं, बाटल्या घेऊन आलेली म्हातारी माणसं भेटतात. एव्हियाँहून समोरच्या काठावरच्या लोझानला, स्वित्झर्लंडमध्ये, बोट हिवाळ्यातही जाते, सीमेपलीकडे कामाला जाणारे रोज तिनेच जातात. पहिल्या दिवशी शेजारणीकडे मात्र स्वतः घेऊन जा. "बाँझूर" एवढं आलं तरी पुरतं, पण ते म्हटल्याशिवाय दुकानात शिरू नये.

धागाकर्ती
दोघांचे मनापासून आभार. शेजारीण ७४ वर्षांची आहे, एकटी राहते. कालच विचारलं, ती दुपारी आईला घेऊन काठाने फिरायला तयार आहे. पलीकडच्या वाड्यात सरोवरातल्या जुन्या मालवाहू गलबतांचं संग्रहालय आहे. आमच्या आजोबांचं गलबत होतं, त्यामुळे ते उघडं असेल त्या दिवशी मी सुट्टीच काढणार.

आता एकच राहिलं. फेरा माशाचं तिखलं आगळ घालून मी करते, छान होतं. पण अंडी घालायच्या दिवसांत, थंडीत, फेराची मासेमारी बंद असते, आपल्याकडे पावसाळ्यात असते तशी. आईला माशाशिवाय जेवण जात नाही. तेवढे दिवस सरोवरातला दुसरा कोणता मासा तिखल्यात टिकतो, फुटत नाही?