वनस्पती मुरवलेल्या तेलाचा साबण: सोड्याचे प्रमाण

प्रश्न: वाळवलेल्या कॅलेंड्युलाच्या पाकळ्या ऑलिव्ह तेलात महिनाभर मुरवल्या आहेत. या तेलाचा साबण करताना कॉस्टिक सोड्याचे प्रमाण बदलावे लागेल का?

उत्तर १: नाही, मूळ तेलाचेच प्रमाण धरावे. १०० ग्रॅम ऑलिव्ह तेलाला सुमारे १३.५ ग्रॅम सोडा लागतो. परंतु साबण सौम्य व्हावा आणि थोडे तेल मोकळे राहावे, यासाठी तो ५ टक्के कमी, म्हणजे १२.८ ग्रॅम घ्यावा. हातमोजे व चष्मा घालून सोडा पाण्यात सोडावा. सोड्यावर पाणी कधीही ओतू नये.

उत्तर २: तेल दाट फडक्यातून गाळावे. कॅलेंड्युलाचा पिवळा रंग टिकतो; मी वड्यांवर लावलेली लॅव्हेंडरची फुले मात्र तपकिरी पडून चक्क उंदराच्या लेंड्यांसारखी दिसू लागली!

प्रश्नकर्ता: आभारी आहे. वड्या वापरण्यापूर्वी किती दिवस सुकवाव्यात?

उत्तर १: किमान ६ आठवडे.