मसाई पठारावर हॅमॉक (कापडी झोळी) टांगायचाय. स्टँड बांबूचा की पाइपचा?

पठारवेडा
नमस्कार मंडळी. राहतो कोल्हापुरात, राजारामपुरीत, पण सुट्टी मिळाली की पन्हाळ्यापलीकडं मसाई पठार गाठतो. तिथं जांभ्याचा सपाट सडा आणि वारा, हॅमॉक बांधायला झाड नाही. खुंटी ठोकावी तर चार बोटं मातीखाली कातळ. म्हणून आपल्या पायावर उभा राहणारा, सुटा करून नेता येईल असा स्टँड करायचाय. कापड 10 फुटी, माझं वजन 75 किलो, गाडी अल्टो, वर कॅरिअर आहे. खरं तर हे आईसाठी चाललंय. ती हौसेनं येते, पण सतरंजीवरून उठताना गुडघे धरतात. बांबू घेऊ की जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप?

उद्यमनगरकर
भावा, दोन्ही घे. वर आडवा पाइप, आणि त्याच्या दोन्ही टोकांखाली पाय म्हणून तीन-तीन बांबूंची तिवई.

दोरी 30 अंशाच्या उतारानं आली तर तुझ्या वजनाला प्रत्येक टोकावर 75 किलोचा ताण येतो. त्यातला 65 किलो दोन्ही टोकांना आत ओढतो. दोरी ताठ करून उतार 15 अंशांवर आणलास तर ताण 145 किलोच्या घरात जातो. म्हणून झोळ मोकळा सोड. ही आतली ओढ वरच्या पाइपनंच घ्यायची. मग तिवयांवर फक्त उभं ओझं उरतं, एकेकीवर 40 किलोच्या आसपास.

पाइप 1 इंची, बी-क्लास (मध्यम जाडीचा), पावणेनऊ फूट. तीन सारखे तुकडे कर. जोडाला आत पाऊण इंची पाइप चपखल बसतो, फक्त मोठ्या पाइपच्या आतली शिवण, म्हणजे जोडाची उभी रेघ, कानशीनं घासावी लागते. जोडाच्या दोन्ही अंगांना सहा-सहा इंच आत जाऊ दे. माणूस बसला की पाइप लांबीत दाबला जातो, त्यामुळं तुकडे सुटून यायची भीती नाही. दोन्ही टोकांपासून अडीच इंचावर आरपार भोक पाडून 8 मिलीमीटरचा बोल्ट टाक आणि दोरीचा फास बोल्टच्या बाहेरच्या अंगाला अडकव, म्हणजे आत सरकणार नाही. दोन बोल्टांमध्ये 8 फूट 4 इंच राहतात. 10 फुटी कापडाला एवढंच अंतर लागतं.

वेल्डिंग अजिबात नको. जीआयवरचं जस्त जळून धूर छातीत गेला की रात्री हुडहुडी भरून ताप येतो. आमच्याकडं नवीन पोरगं आलं की हे आधी सांगतो.

रानवेळू
मी शाहूवाडीकडची, घरची बांबूची बेटं आहेत. दादा, पायांना पोकळ बांबू नको, माणगा घ्या. जवळजवळ भरीव असतो. साडेपाच फुटांचे सहा लागतील. घेताना थंडीत तोडलेलाच मागा. पावसाळ्यात तोडलेल्याला भुंगा लवकर लागतो आणि पीठ पडायला लागतं. बांबूला भोक पाडू नका, उभा चिरतो.

तीन बांबू शेजारी ठेवून वरून अर्धा फूट सोडा आणि दोरीनं बांधा. उभे करून पाय फाकवले की वर बेचकं तयार होतं. पाइप त्यात ठेवून दोरीनं आवळा. दोन पाय दोन बाजूंना, तिसरा बाहेरच्या दिशेला. आत घेतलात तर झोपणाऱ्याच्या डोक्याला लागेल. कातळावर पाय घसरतात, तेव्हा तिन्ही पायांना खालून दोरीचा फेरा घाला आणि म्हाताऱ्यांच्या काठीला असतात ते रबरी बूट बसवा.

पठारवेडा
ताई, भावा, मनापासून आभार. आईला बसायला उंची किती ठेवू?

रानवेळू
खुर्चीइतकी, म्हणजे 18 इंच, तीही माणूस बसल्यावर. कापड ताणतं, म्हणून रिकामं असताना जरा वर ठेवा. त्यांना बसवायच्या आधी वाळूची पोती टाकून तासभर बघा, दोऱ्या सैल होतात त्या परत आवळा. लहान पोरांना आडवे झोके घेऊ देऊ नका, तिवई कलंडते. आणि पावसाळा सरताना गेलात तर फुलांच्या ताटव्यात पाय रोवू नका, उघडा कातळ बघून मांडा.

उद्यमनगरकर
पाइप कापून आण, भोकं मी पाडून देतो. बोल्ट आणताना वॉशर आणि नायलॉकचे (आत नायलॉनचं कडं असलेले) नट विसरू नको, साधे नट हेलकाव्यानं ढिले होतात.