मदत हवी आहे : ड्रॉइंगचे काम आणि गेमिंग या दोन्हींसाठी ३४ इंची कर्व्ह्ड अल्ट्रावाइड मॉनिटर घ्यावा का?

नमस्कार.

मी बेळगावात राहतो आणि उद्यमबागेतील फाउंड्री व मशीन शॉपवाल्यांना कॅडवर (संगणकावरील ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरवर) ड्रॉइंग काढून देण्याचे काम घरून करतो. सध्या माझ्याकडे २४ इंची साधा सपाट मॉनिटर आहे. हायड्रॉलिक व्हॉल्व्हच्या बॉडीचे काम आले की ग्राहकाची पीडीएफ, थ्रीडी मॉडेल आणि त्याचा सेक्शन (कापून दाखवलेला आतला भाग) अशा तीन गोष्टी एकाच वेळी डोळ्यांसमोर लागतात. आतल्या पोर्टचे माप पीडीएफमध्ये पाहायचे, ते मनात धरून दुसऱ्या विंडोत जायचे आणि खात्री करण्यासाठी पुन्हा मागे यायचे, यातच बराच वेळ जातो. म्हणून ३४ इंची, ३४४० × १४४० रिझोल्यूशनचा मॉनिटर घेण्याचा विचार आहे. त्याची उंची २७ इंची मॉनिटरएवढीच असते, रुंदी मात्र सुमारे ८० सेंटीमीटर मिळते. दोन मॉनिटर शेजारी ठेवणे स्वस्त पडेल हे मान्य आहे, परंतु मधली कड नेमकी नजरेसमोर येते आणि गेमसाठी त्या जोडीचा काहीच उपयोग होत नाही.

माझी खरी शंका वक्रतेविषयी आहे. १५००आर म्हणजे १५०० मिलीमीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा बाक. पडद्यापासून ६५ सेंटीमीटरवर बसल्यास सपाट पडद्याची टोके डोळ्यांपासून मध्यापेक्षा साधारण ११ सेंटीमीटर अधिक दूर पडतात. १५००आरमध्ये हा फरक ७ सेंटीमीटरच्या आसपास येतो, असे मी गणित मांडून पाहिले. या चार सेंटीमीटरांमुळे दिवसभराच्या कामात डोळ्यांना खरोखर आराम मिळतो का? आणि फ्लँजची आडवी कड किंवा पार्टिंग लाइन (साच्याच्या दोन भागांच्या जोडाची रेषा) पडद्याच्या वरच्या-खालच्या भागात वाकलेली दिसते का, की काही दिवसांत नजर सरावते? रेषा सरळ आहे की नाही हे पाहण्यावरच माझे पोट असल्याने हा प्रश्न माझ्यासाठी सर्वांत महत्त्वाचा आहे.

गेमिंग रात्रीचे, तेही मुख्यतः गाड्यांच्या शर्यतींचे. त्यात दोन्ही बाजूंचा रस्ता अधिक दिसेल, हे उघड आहे. मात्र एल्डन रिंगसारखे गेम २१:९ चा (रुंदी-उंचीच्या या प्रमाणाचा) पूर्ण पडदा वापरत नाहीत आणि दोन्ही कडांना काळे पट्टे राहतात. शिवाय २५६० × १४४० च्या नेहमीच्या रुंदीच्या पडद्याच्या तुलनेत सुमारे ३४ टक्के अधिक पिक्सेल हाकावे लागतात. माझे आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड हा भार पेलेल का, की सेटिंग बरीच खाली आणावी लागतील?

पॅनेलचेही ठरत नाही. व्हीए या एलसीडी प्रकारच्या पॅनेलमध्ये काळा रंग गडद उठतो, परंतु अंधाऱ्या दृश्यात हलणाऱ्या वस्तूमागे सावली ओढली जाते असे वाचले आहे. कॅडमध्ये काळ्या पार्श्वभूमीवर बारीक रेषा सरकवताना कोणाला हा त्रास जाणवला का? ओएलईडी (प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळणारा पडदा) माझ्या ३५ हजारांच्या मर्यादेत बसणार नाही, आणि दिवसभर एकाच जागी राहणाऱ्या टूलबारचे डाग पडण्याची भीतीही त्यात आहे.

मी चौकशी केलेल्या दुकानांत असा मॉनिटर मागणी नोंदवल्यावरच येतो, म्हणजे न पाहताच पैसे भरावे लागणार. बेळगाव, निपाणी किंवा कोल्हापूर परिसरात कोणी असा मॉनिटर वापरत असल्यास, माझे एखादे ड्रॉइंग त्यावर अर्धा तास उघडून पाहू द्याल का? आपल्या सोयीच्या वेळी मी येईन.