ए.ए.ची मिटिंग शोधतोय, पहिल्यांदा जाणाऱ्यासाठी सल्ला हवा

अबोली_ब: धाकट्या भावाने दारू सोडायचं मनावर घेतलंय. राहायला बदलापूर, शिफ्टची नोकरी, इंग्रजी जेमतेम. ए.ए. म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांची एकमेकांना आधार देणारी संघटना, तिची मिटिंग शोधायची कशी? पहिल्या दिवशी काय विचारतात? फी किती? मी सोबत गेले तर चालेल का? तो देव मानत नाही, त्याने अडेल का? सध्या रोज क्वार्टरच्या वर जाते, सोमवारपासून एकदम बंद करणार म्हणतो.

पायवाट: ताई, आधी तुमच्या शेवटच्या वाक्याचं बघा, मिटिंगचं नंतर. रोज पिणाऱ्याने अचानक बंद केली की काही तासांतच हात थरथरणं, घाम, उलट्या सुरू होतात, झोप उडते. पहिल्या ४८ तासांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भास, बरळणं, ताप असं झालं तर ते जिवावर बेतू शकतं. त्यामुळे सोमवारच्या आधी मानसोपचारतज्ज्ञ गाठा, सरकारी रुग्णालयातली ओपीडीही चालेल. पूर्वी सोडताना फिट आली असेल किंवा भास झाले असतील तर घरी प्रयत्न नकोच, दाखल करा. डॉक्टर काही दिवस कमी करत न्यायच्या गोळ्या आणि बी-१ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन देतात. अशक्तपणा म्हणून कोणी नुसतं ग्लुकोजचं सलाईन लावत असेल, तर पेशंट रोज पिणारा आहे हे आवर्जून सांगा. बी-१ ची कमतरता असताना आधी ग्लुकोज गेलं तर मेंदूला इजा होऊ शकते.

आणि दारू सोडायची गोळी त्याच्या नकळत भाजीत-चहात घालू नका. त्या गोळीतलं औषध, डायसल्फिराम, पोटात असताना तो दारू प्यायला तर रक्तदाब कोसळू शकतो. शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहतो.

मध्यरेल्वे_५२: शोधायचं असं: ए.ए. इंडियाच्या संकेतस्थळावर शहराप्रमाणे मिटिंगांची यादी असते. पण यादीवर भरवसा ठेवून थेट निघू नका, दिलेल्या नंबरवर त्याच दिवशी फोन करा. मिटिंगा बहुतेक शाळेच्या वर्गात किंवा चर्चच्या हॉलमध्ये भाड्याने चालतात. परीक्षा, दिवाळी, मे महिन्याची सुट्टी आली की खोली बदलते. नवा माणूस कुलूप बघून परत फिरतो आणि तो परत येईलच असं नाही. फोनवर चार गोष्टी विचारा: भाषा मराठी आहे का, ओपन (घरचेही बसू शकतात) की क्लोज्ड, कोणत्या गेटने कोणत्या खोलीत, आणि कोणी गेटवर भेटेल का. शेवटचं मागायला संकोच करू नका, आनंदाने येतात.

चर्चचा हॉल म्हणजे धर्माचा कार्यक्रम असंही नाही, जागा मिळते म्हणून तिथे. रात्रपाळीच्या आठवड्यात ऑनलाइन मिटिंग धरावी, कॅमेरा बंद ठेवला तरी चालतं. व्यसनमुक्ती केंद्राचीही चौकशी करायची असेल तर १४४४६ ही सरकारी हेल्पलाइन आहे. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून काम करतंय. मात्र केंद्र वेगळं, ए.ए. वेगळं. ए.ए. कोणाला दाखल करून घेत नाही, औषध देत नाही.

साधा_चहा: आत काय होतं ते सांगतो. तास-दीड तासाची मिटिंग. चेअर करणारा प्रास्ताविक वाचतो, मग एकेक जण शेअरिंग करतो, म्हणजे स्वतःचा अनुभव सांगतो. मधे कोणी बोलत नाही, सल्ला देत नाही. भावाला फक्त पहिलं नाव सांगायचं, तेही मनात असेल तर. "आज फक्त ऐकतो" एवढं म्हटलं की पुरे. आधार कार्ड, फॉर्म, फी काही नाही. शेवटी पिशवी फिरते, त्यात नवख्याने टाकायलाच हवं असं नाही.

तुम्ही ओपन मिटिंगला बसू शकता. क्लोज्ड फक्त दारूचा प्रश्न असणाऱ्यांसाठी, तिथे दारापर्यंत सोडा. घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉन वेगळं आहे. तुम्ही तिथे जाच, भावाने सोडो न सोडो.

देवाचं म्हणाल तर बारा पायऱ्यांत, म्हणजे ए.ए.च्या दारूमुक्तीच्या कार्यक्रमात, देवाचा उल्लेख आहे, शेवटी प्रार्थनाही होते, हे त्याला आधीच सांगा. पण शब्द "आम्हाला जसा समजला तसा देव" असे आहेत. न मानणारे बरेच जण ग्रुपलाच ती जागा देतात. सदस्य व्हायची अट एकच: दारू सोडायची इच्छा.

अबोली_ब: मनापासून आभार. डॉक्टरांची वेळ उद्याची घेतली. पहिली मिटिंग नाही पटली तर?

साधा_चहा: ग्रुप बदला, ए.ए. नको बदलायला. प्रत्येक ग्रुपची तऱ्हा वेगळी. निदान पाच-सहा मिटिंगा, दोन-तीन वेगळ्या ग्रुपच्या, मग ठरवा. नेहमीची चूक म्हणजे उशिरा जाऊन संपताक्षणी निघणं. खरी ओळख आधीच्या-नंतरच्या चहावर होते, तिथेच फोन नंबर मिळतात. आणि तो फोन तलफ आल्यावर, पहिला पेग घेण्याआधी करायचा असतो. स्पॉन्सरची, म्हणजे वाट दाखवणाऱ्या जुन्या सदस्याची, घाई नको. चार-पाच वेळा ऐकून, ज्याची दारू बरीच वर्षं बंद आहे असा, पुरुषाने पुरुषच निवडावा.

मध्यरेल्वे_५२: ९० दिवसांत ९० मिटिंगा असं काही जण सांगतील. शिफ्टमध्ये जमत नसेल तर आठवड्याला तीन ठरवा, पण पगाराचा दिवस आणि सुट्टीची आदली संध्याकाळ मोकळी सोडू नका. महिन्याचं ड्यूटीचं वेळापत्रक हाती आलं की त्याच दिवशी मिटिंगा त्यावर लिहून टाका. बदलापूरची वेळ नाही जुळली तर कल्याण-डोंबिवलीकडचे ग्रुप पाहा, कामावरून परतताना वाटेतच उतरता येईल.