शासनाकडे द्यायच्या प्रतिज्ञापत्राला ५०० रुपयांचा मुद्रांक लागतो का?

प्रश्न
नमस्कार. मुलीच्या नॉन-क्रिमीलेयर प्रमाणपत्रासाठी मागील तीन वर्षांच्या उत्पन्नाचे प्रतिज्ञापत्र अर्जासोबत जोडायचे आहे. अर्ज भरून देणाऱ्या केंद्रावर मला ५०० रुपयांचा मुद्रांक आणण्यास सांगण्यात आले. एका परिचितांच्या मते मात्र साध्या कागदावरचे स्वयंघोषणापत्र (शपथ न घेता स्वतःच्या सहीने दिलेले निवेदन) पुरते. प्रवेशाची मुदत तोंडावर आहे, त्यामुळे अर्ज परत येऊन चालणार नाही.

उत्तर १
मुद्रांक विकत घेऊ नका. जात, उत्पन्न, रहिवास अशा दाखल्यांसाठी आणि शासकीय कार्यालयांत किंवा न्यायालयांत दाखल करायच्या इतर प्रतिज्ञापत्रांसाठी लागणारे मुद्रांक शुल्क राज्य शासनाने १ जुलै २००४ च्या आदेशाने माफ केले असून, २०२४ मध्ये १०० रुपयांच्या जागी ५०० रुपयांचा मुद्रांक आला तरी ही माफी उठलेली नाही. तरीही मजुरी बुडवून आलेल्या माणसाला हा भुर्दंड पडतो, याचे फार वाईट वाटते. परिचितांचे म्हणणेही निराधार नाही: ९ मार्च २०१५ च्या शासन निर्णयानुसार, कायद्याने प्रतिज्ञापत्र बंधनकारक नसेल तेथे स्वयंघोषणापत्र चालते. तुमच्या अर्जाच्या कागदपत्रांच्या यादीत यांपैकी कोणता शब्द आहे, तो पाहून घ्या.

उत्तर २
मी अनेक वर्षे असे अर्ज तपासले आहेत. अर्ज बहुधा मुद्रांकावाचून नव्हे, तर मजकुरावरून अडतात. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर वडिलांचे नाव एका तऱ्हेने आणि प्रतिज्ञापत्रात दुसऱ्या तऱ्हेने लिहिलेले असते. किंवा ‘सन २०__’ ही जागा तशीच कोरी राहते. प्रत्येक आर्थिक वर्षाचे उत्पन्न वेगळ्या ओळीत, अंकी आणि अक्षरी लिहा, लागू नसलेला मजकूर खोडा. प्रतिज्ञापत्र असेल तर सही घरून करून नेऊ नका. ती शपथ देणाऱ्या अधिकाऱ्यासमोरच करायची असते. आकडा अंदाजाने टाकू नका, कारण खोट्या कथनाबद्दल खटला होऊ शकतो.

उत्तर ३
अर्ज क्रमांक असलेली पोच घेतल्याशिवाय तेथून हलू नका. लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार नकाराची कारणे लेखी मिळतात आणि ३० दिवसांत प्रथम अपील करता येते.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. यादीत ‘प्रतिज्ञापत्र’ हाच शब्द आहे. उद्या साध्या कागदावर मजकूर तयार करून, सही न करता, तहसील कार्यालयात जातो.